लिमिटेड की अंब्रेला? ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टिंग सुरू करताना

ब्रिटनमध्ये पर्मनंट नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये उतरायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: स्वतःची लिमिटेड कंपनी काढू, की अंब्रेलातून, म्हणजे आपल्याला नोकरीवर ठेवून क्लायंटकडे पाठवणाऱ्या कंपनीतून, जाऊ? व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत तर उत्तरं भरपूर मिळतील, पण त्यातली बरीचशी २०२१ च्या आधीच्या काळातली असतात. तेव्हा गणित सरळ होतं. कंपनी काढायची, थोडा पगार घ्यायचा, बाकी डिव्हिडंड, म्हणजे भागधारक म्हणून नफ्याचा वाटा, आणि हातात चांगली रक्कम. आता तसं राहिलेलं नाही. बहुतेक वेळा निवड तुम्ही करतच नाही, ती कॉन्ट्रॅक्टच्या स्वरूपावरून ठरून येते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की क्रम बदला. आधी कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, कंपनीचं मग बघू. कितीतरी जण आधी कंपनी काढतात, अकाउंटंटला पैसे भरायला लागतात, आणि मग मिळालेलं पहिलंच काम अंब्रेलातून करावं लागतं.

खालचे आकडे २०२६-२७ या करवर्षाचे आणि इंग्लंडमधले आहेत. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर पगारावरच्या इन्कम टॅक्सचे टप्पे वेगळे लागतील.

१. सगळ्यात आधी व्हिसा

हिंजवडी किंवा ऐरोलीच्या ऑफिसातून इकडे आलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. तुम्ही ग्लोबल बिझनेस मोबिलिटी किंवा स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर तुमचं काम स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीशी बांधलेलं आहे. नोकरी सोडून अंब्रेलात गेलात तर अंब्रेला तुम्हाला स्पॉन्सर करत नाही, आणि स्वतःची कंपनी काढून तिच्यातून क्लायंटला सेवा देणं त्या व्हिसात बसत नाही. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला साफ मनाई आहे.

आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालेले, ब्रिटिश नागरिक झालेले, स्किल्ड वर्करचे डिपेंडंट म्हणून आलेले नवरा किंवा बायको, आणि ग्रॅज्युएट व्हिसावरची मुलं यांना दोन्ही मार्ग मोकळे आहेत. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या अनेक बायकांना, पुण्या-मुंबईत दहा-दहा वर्षं टेस्टिंग किंवा बिझनेस ॲनालिसिस केलेल्या, हे माहीतच नसतं. ‘आपल्याला फक्त पर्मनंटच चालतं’ असं धरून त्या वर्षभर अर्ज करत राहतात. तुमच्या ई-व्हिसावरच्या अटी वाचा, कामाचा हक्क दाखवणारा शेअर कोड काढून ठेवा. रिक्रूटर तो पहिल्याच फोनवर मागतो.

२. कॉन्ट्रॅक्ट इनसाइड की आउटसाइड?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं उभं आहे. आयआर३५ हा नियम २००० च्या एप्रिलपासून लागू आहे. त्यामागचा विचार असा: मधे कंपनी असली तरी माणूस प्रत्यक्षात नोकरासारखाच काम करत असेल, तर त्याने नोकरासारखाच कर भरावा. नोकरासारखं काम म्हणजे ‘इनसाइड’, खऱ्या स्वतंत्र व्यावसायिकासारखं काम म्हणजे ‘आउटसाइड’.

पूर्वी हे कॉन्ट्रॅक्टर स्वतः ठरवायचा. २०१७ च्या एप्रिलपासून सरकारी क्षेत्रात आणि २०२१ च्या एप्रिलपासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत तो निर्णय क्लायंटकडे गेला. क्लायंटने तो लेखी, कारणांसह द्यायचा असतो. त्या कागदाला स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट म्हणतात, बोलताना एसडीएस. तो मागून घ्या. निर्णय पटला नाही तर क्लायंटकडे लेखी हरकत घेता येते आणि त्याला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. क्लायंट छोटी कंपनी असेल तर मात्र जुनाच नियम आहे: स्टेटस तुम्ही ठरवायचं आणि चुकलं तर कराची जबाबदारी तुमच्या कंपनीवर.

स्टेटस ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी बघतात. तुमच्याऐवजी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का? काम कसं, कधी, कुठे करायचं यावर क्लायंटचा ताबा किती? आणि क्लायंटवर काम देण्याची, तुमच्यावर ते घेण्याची बांधिलकी आहे का?

हे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असू शकतं. समजा, कॉन्ट्रॅक्टमध्ये बदली माणूस पाठवण्याचं कलम छान लिहिलंय, पण तुम्ही रोज साडेनऊला टीमच्या स्टँड-अपला हजर असता, रजा मॅनेजरला विचारून घेता, ठरलेलं काम संपलं की तोच मॅनेजर दुसरं काम हातात देतो, आणि टीमच्या तक्त्यात तुमचं नाव कर्मचाऱ्यांमध्येच आहे. मग ते कलम फार तग धरत नाही. याउलट, ‘अमुक डेटाबेस क्लाउडवर हलवणे, तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याची स्वीकृती झाल्यावर बिल’ असं काम असेल, वेळ तुम्ही ठरवत असाल, चूक झाली तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असेल, तर आउटसाइडची बाजू भक्कम होते. एचएमआरसी म्हणजे इथलं करखातं; त्याच्या संकेतस्थळावर सेस्ट नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात खरी उत्तरं भरली तर येणारा निकाल एचएमआरसी मान्य करते. पण काही वेळा ती ‘ठरवता येत नाही’ असंच उत्तर देते. तेव्हा कॉन्ट्रॅक्ट तपासून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं. तिथे खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

इनसाइड निघालं तर लिमिटेडचा विचार जवळजवळ संपतो. लिमिटेडमधून इनसाइड काम करता येतं, पण तुमच्या कंपनीला पैसे देणारी एजन्सी आधीच इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारावरची सामाजिक विम्याची वर्गणी) कापून घेते. म्हणजे कर नोकरदाराचा, आणि कंपनी चालवण्याचा खर्च वर. पगारी रजा, आजारपणाचा पगार, मॅटर्निटी पे यांतलं काही नाही. बऱ्याच एजन्सी हा पर्याय देतच नाहीत.

काही एजन्सी इनसाइड कामासाठी थेट स्वतःच्या पेरोलवर घेतात. अंब्रेलाची फी वाचते, त्यामुळे लहान कॉन्ट्रॅक्टला ते सोयीचं पडतं. विचारून बघायला हरकत नाही.

३. रेट कुठला, हे फोनवरच विचारा

‘दिवसाला चारशे’ हे वाक्य अपुरं आहे. चारशे कुठले? आउटसाइड? इनसाइड, अंब्रेला रेट? की पीएवायई रेट? अंब्रेला रेट म्हणजे एजन्सीकडून अंब्रेलाला जाणारी रक्कम. ती तुमचा पगार नाही. मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्ससुद्धा त्याच रकमेतून जातो. पीएवायई रेट म्हणजे मालकाचे खर्च वजा जाऊन उरलेला तुमचा ढोबळ पगार. दोन्हींत दिवसाला पन्नास-साठ पौंडांचा फरक सहज पडतो. पीएवायई रेटमध्ये रजेचे पैसे धरलेत की वेगळे मिळणार, तेही विचारा.

रिक्रूटरशी बोलताना कागद घेऊन बसा आणि हे सगळं त्याच फोनवर लिहून घ्या. नंतर ईमेलवर खात्री करून घ्यायची: ‘आपलं ठरलं ते असं, बरोबर ना?’ यात संकोचण्यासारखं काही नाही, इथे सगळेच तसं करतात.

एजन्सीने काम सुरू होण्याआधी की इन्फर्मेशन डॉक्युमेंट द्यायला हवं, तसा नियम एप्रिल २०२० पासून आहे. त्यात अंब्रेलातून गेलात तर कुठली कपात होईल आणि नमुन्यादाखल हातात किती पडेल ते लिहिलेलं असतं. हा कागद पाठवायला टाळाटाळ होत असेल तर सावध व्हा.

४. अंब्रेलाची पे-स्लिप ओळीओळीने

अंब्रेला कंपनी म्हणजे कायद्याने तुमची मालक कंपनी. तुम्ही तिचे नोकर, आणि ती तुम्हाला एजन्सीमार्फत क्लायंटकडे पाठवते. टाइमशीट भरायचं, क्लायंट मंजूर करतो, एजन्सी अंब्रेलाला पैसे देते, अंब्रेला कर कापून तुम्हाला पगार देते. पहिली पे-स्लिप हातात आली की अनेकांना धक्का बसतो, म्हणून तीच समोर ठेवून बघू. रेट दिवसाला ४०० पौंड, आठवडा पाच दिवसांचा, पेन्शन तूर्त धरलेलं नाही.

एजन्सीकडून आलेले: २,००० पौंड
अंब्रेलाची फी, ज्याला मार्जिन म्हणतात: २५
मालकाचा नॅशनल इन्शुरन्स: २४४
अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकावरचा प्रशिक्षणासाठीचा कर): ९
इथपर्यंत वजा जाऊन तुमचा ढोबळ पगार: १,७२२
इन्कम टॅक्स: ४४७
तुमचा नॅशनल इन्शुरन्स: ७३
बँकेत जमा: १,२०२

दोन हजारांतले बाराशे. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला आणि तो वर्षाला ५,००० पौंडांच्या पुढे लगेच लागू होतो, म्हणून ती ओळ इतकी मोठी दिसते. ‘मालकाचा कर माझ्यातून का?’ हा प्रश्न मनात येणारच. तो तुमच्या ढोबळ पगारातून कापता येत नाही; तो कापला जातो एजन्सीने अंब्रेलाला दिलेल्या रकमेतून, पगार ठरण्याआधी. म्हणूनच रेट ठरवताना तो लक्षात घेऊन भाव करायचा असतो.

१,७२२ मध्येच रजेचे पैसेही आलेत: मूळ पगार १,५३७ आणि रजेचे १८५. कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा मिळते आणि तिचा हिशेब १२.०७ टक्क्यांनी होतो. दर आठवड्याला सोबतच घ्यायचे की साठवून ठेवायचे, हे रुजू होताना विचारतात. गणपतीला किंवा दिवाळीला तीन-चार आठवडे घरी जाणाऱ्यांना साठवणं सोयीचं वाटतं. पण साठवलेत तर अंब्रेलाच्या रजावर्षाची शेवटची तारीख लिहून ठेवा, मागायचे राहिले तर भांडत बसावं लागतं. मला विचाराल तर दर आठवड्याला घ्या आणि स्वतःच वेगळ्या खात्यात टाका.

पेन्शनमध्ये तुम्हाला आपोआप सामील करतात. तुमचे पाच टक्के, मालकाचे तीन, आणि मालकाचे तीनही त्या दोन हजारांतूनच. तरी लगेच बाहेर पडू नका. सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगाराचा भाग सोडून त्याऐवजी पेन्शनमध्ये टाकलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स नाही, तुमचा नॅशनल इन्शुरन्स नाही, आणि चांगली अंब्रेला मालकाचा वाचलेला नॅशनल इन्शुरन्सही तुमच्याच पेन्शनमध्ये घालते. एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांपुढच्या सॅक्रिफाइसवर नॅशनल इन्शुरन्स लागणार आहे, तोवर ही सवलत मोठी आहे.

घरात लहान मूल असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आई-बाबांपैकी कुणा एकाचं समायोजित उत्पन्न (पेन्शनमध्ये घातलेले पैसे वगैरे वजा करून) १,००,००० पौंडांच्या वर गेलं की नर्सरीचे ३० मोफत तास जातात, शिवाय करमुक्त १२,५७० पौंडही हळूहळू कमी होत जातात. वर्षात ४४ आठवडे काम धरलं तर दिवसाला ५५० च्या आसपास अंब्रेला रेट असणारा माणूस ही रेषा ओलांडतो. वरची रक्कम पेन्शनमध्ये घातली की तो पुन्हा रेषेच्या आत येतो. नर्सरीचं बिल बघितलेल्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको.

५. अंब्रेला निवडताना

एजन्सी तिच्या मान्य यादीतली चार-पाच नावं पाठवते. त्यातलीच एखादी घ्यावी लागते. मार्जिन आठवड्याला साधारण १५ ते ३० पौंड असतं, आणि कायदेशीर अंब्रेलांमध्ये हातात पडणाऱ्या रकमेत फरक जवळजवळ तेवढाच असतो. कर सगळ्यांना सारखा. म्हणून कुणी ‘आमच्याकडे ८५ टक्के हातात’ म्हणत असेल तर तिथे थांबा.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला अशीच एक ऑफर आली होती. पगार दोन भागांत: एक भाग किमान वेतनाएवढा, त्यावर कर, दुसरा ‘ॲडव्हान्स’ म्हणून, त्यावर काहीच नाही. ‘एचएमआरसीची मान्यता आहे’ असंही फोनवर सांगितलं. एचएमआरसी कुठल्याही अंब्रेलाला किंवा योजनेला मान्यता देत नाही, हे तिला माहीत होतं म्हणून ती वाचली. कर्ज, ॲडव्हान्स, ॲन्युइटी, क्रेडिट, नाव काहीही असो, ज्या रकमेवर कर कापला नाही तो कर शेवटी तुमच्याकडेच मागितला जाऊ शकतो. २०१९ च्या लोन चार्जमध्ये, म्हणजे अशा कर्जरूपी पगारावर लावलेल्या करात, हजारो कॉन्ट्रॅक्टर याच प्रकारात सापडले. कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या पैशांवर एकदम कर आला, आणि काहींची घरं-संसार त्यात पार विस्कटले. त्यांतले पुष्कळ जण साधे नोकरदार होते, कुणीतरी ‘सगळं कायदेशीर आहे’ असं सांगितलं म्हणून सह्या करणारे.

एप्रिल २०२६ पासून एक चांगला बदल झालाय. अंब्रेलाने पीएवायई, म्हणजे पगारातून कापून भरायचा कर, भरला नाही तर तो एजन्सीकडून, आणि एजन्सी नसेल तर क्लायंटकडून वसूल करता येतो. त्यामुळे एजन्सी आता अंब्रेला जास्त निरखून घेतात. तरी स्वतः तपासाच. कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका आणि कंपनी किती जुनी आहे, हिशेब वेळेवर भरलेत का, डायरेक्टर सारखे बदलतात का ते पाहा. एफसीएसए किंवा प्रोफेशनल पासपोर्ट या अंब्रेलांची तपासणी करणाऱ्या संस्थांच्या यादीत आहे का बघा. एचएमआरसी करचुकव्या योजनांची नावं जाहीर करते, ती यादीही उघडा. सरकारी संकेतस्थळावर अंब्रेलाच्या पगाराचा हिशेब करणारं साधन आहे, त्यात तुमचे आकडे भरून पे-स्लिपशी ताडा. आणि पहिल्या पगारानंतर महिन्याभराने एचएमआरसीच्या ॲपमध्ये जाऊन बघा: तुमच्या नावावर तेवढाच पगार आणि तेवढाच कर दाखवलाय का? नसेल तर त्याच दिवशी जाब विचारा.

रुजू होताना जुन्या नोकरीचा पी४५ (तिथला पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) द्या, नाहीतर स्टार्टर चेकलिस्ट हा फॉर्म नीट भरा. नाही दिलं तर तात्पुरता टॅक्स कोड लागतो आणि पहिल्या काही पगारांतून जादा कर जातो. तो परत मिळतो, पण लंडनचं भाडं तोवर थांबत नाही.

६. आउटसाइड असेल तर लिमिटेड, पण हिशेब करून

आता तोच ४०० चा रेट आउटसाइड धरू. वर्षात ४४ आठवडे काम, म्हणजे ८८,००० पौंड कंपनीकडे. अकाउंटंट, विमा, सॉफ्टवेअर वगैरेंचे २,५०० काढा. स्वतःला पगार १२,५७०, त्यावर कंपनीचा नॅशनल इन्शुरन्स साधारण १,१३५. एकट्या डायरेक्टरच्या कंपनीला एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे मालकाच्या नॅशनल इन्शुरन्समधली सवलत, मिळत नाही, हे नवखे विसरतात. उरला नफा सुमारे ७१,८००. कॉर्पोरेशन टॅक्स ५०,००० पर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, २,५०,००० च्या पुढे २५ आणि मधे चढत जाणारा. इथे तो १५,३०० च्या आसपास येतो. उरलेले साधारण ५६,५०० सगळे डिव्हिडंड म्हणून काढले तर ५०० पौंड करमुक्त, मग एकूण उत्पन्न ५०,२७० होईपर्यंत १०.७५ टक्के आणि त्यापुढे ३५.७५ टक्के. सगळं जाऊन हातात सुमारे ५८,४००.

तेवढेच ८८,००० अंब्रेलातून आले असते तर हातात सुमारे ५४,८००. फरक वर्षाला ३,६०० चा. एप्रिल २०२६ मध्ये डिव्हिडंडवरचा कर दोन टक्क्यांनी वाढल्याने तो आणखी आटला. उलटं मोजायचं तर ४०० आउटसाइडच्या तोडीला इनसाइडमध्ये ४३०-४३५ चा अंब्रेला रेट हवा. कुणी ४०० आउटसाइड आणि ४६० इनसाइड अशा दोन ऑफर समोर ठेवल्या, आणि तुम्हाला दर महिन्याला सगळेच पैसे घरखर्चाला लागणार असतील, तर इनसाइड घ्या.

मग लिमिटेडचा फायदा कुणाला? ज्याला सगळे पैसे लगेच नकोत त्याला. वरच्या उदाहरणात उत्पन्न ५०,२७० वर थांबवलं तर १८,८०० पौंड कंपनीतच राहतात आणि त्या वर्षीचा ६,७०० पौंडांचा डिव्हिडंड टॅक्स लागत नाही. पुढे काम नसलेल्या महिन्यांत, बाळंतपणात, किंवा आई-वडिलांसाठी तीन महिने पुण्यात जाऊन राहावं लागलं तर तेच पैसे कमी कराने काढता येतात. कंपनीने थेट पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेवर कॉर्पोरेशन टॅक्सही वाचतो. लॅपटॉप, कामाची पुस्तकं, प्रशिक्षण, तात्पुरत्या ठिकाणचा प्रवास हे कामासाठीचे खर्च कंपनीत टाकता येतात. अंब्रेलात घरापासून क्लायंटपर्यंतचा प्रवासखर्च २०१६ पासून बहुतेकांना मिळत नाही. जोडीदाराला खऱ्या अर्थाने भागधारक करण्याचाही विचार होऊ शकतो, पण तो अकाउंटंटशी बोलल्याशिवाय करू नका.

व्हॅटचं बारकाईने बघा. नोंदणीची मर्यादा सलग कुठल्याही बारा महिन्यांत ९०,००० पौंडांची आहे. ४४ आठवड्यांना तुम्ही खाली आहात, ४६ आठवड्यांना ९२,००० होऊन वर जाता. दर महिनाअखेरीला मागच्या बारा महिन्यांची बेरीज करायची सवय लावा.

७. कंपनी काढायची तर

कॉन्ट्रॅक्टची सही दिसू लागली की मगच काढा, एक-दोन दिवसांत होते. त्याआधी सरकारच्या वन लॉगिनवरून डायरेक्टर म्हणून ओळख पडताळून पर्सनल कोड घ्या. १८ नोव्हेंबर २०२५ पासून ही पडताळणी सक्तीची आहे. ऑनलाइन नोंदणीचं शुल्क फेब्रुवारी २०२६ पासून १०० पौंड. व्यवसायाचा कोड विचारतात, आयटी सल्लागारांचा बहुधा ६२०२०. नोंदणीचा पत्ता जगजाहीर होतो. भाड्याच्या घराचा द्यायचा नसेल तर अकाउंटंट स्वतःचा पत्ता थोड्या शुल्कात देतात.

मग बिझनेस बँक खातं, काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कॉर्पोरेशन टॅक्सची नोंदणी, पेरोलची नोंदणी आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा (कामातल्या चुकीच्या भरपाईसाठीचा). एजन्सी विम्याचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसाआधी मागते. ती कंडक्ट रेग्युलेशन्स या एजन्सींवरच्या नियमांमधून ‘ऑप्ट-आउट’ करायलाही, म्हणजे बाहेर पडायलाही, सांगेल. त्या नियमांत एक महत्त्वाचं संरक्षण आहे: क्लायंटने पैसे दिले नाहीत म्हणून एजन्सीला तुमचे अडवता येत नाहीत. सही करण्याआधी ते सोडायचंय का ते ठरवा.

तारखा मोबाइलमध्येच टाका. वर्षाचे हिशेब कंपनीज हाउसला नऊ महिन्यांत, कॉर्पोरेशन टॅक्स नऊ महिने आणि एक दिवसाच्या आत, कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची नोंदवलेली माहिती बरोबर असल्याचं निवेदन) दरवर्षी, तुमचा स्वतःचा सेल्फ असेसमेंट, म्हणजे टॅक्स रिटर्न, ३१ जानेवारीपर्यंत. हिशेबाला एक दिवस उशीर झाला तरी १५० पौंड दंड, सहा महिन्यांवर गेला तर १,५००.

कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. हे पाळणं नव्या माणसाला सगळ्यात जड जातं. टेस्कोची खरेदी कंपनीच्या कार्डावर झाली की ते तुमच्या नावावर डायरेक्टर लोन होतं, आणि वेळेत परत केलं नाही तर कंपनीला त्यावर वेगळा कर भरावा लागतो. दुसरं खातं उघडा आणि प्रत्येक इन्व्हॉइसचे पैसे आले की कराच्या वाट्याचा चौथा हिस्सा लगेच तिकडे टाका. व्हॅट घेत असाल तर तो पूर्ण वेगळा.

घराचं कर्ज डोक्यात असेल तर अकाउंटंटच्या आधी मॉर्गेज ब्रोकरशी बोला. काही बँका कॉन्ट्रॅक्टरचं उत्पन्न थेट डे रेटवरून धरतात, काही लिमिटेडवाल्यांकडे दोन वर्षांचे हिशेब मागतात. वर्षभरात घर घ्यायचंच असेल तर अंब्रेलाच्या पे-स्लिपा बऱ्याचदा सोप्या पडतात.

८. आउटसाइडनंतर इनसाइड आलं तर

हे होतंच. कंपनी लगेच बंद करू नका. ती डॉर्मंट, म्हणजे व्यवहार थांबवून नुसती नोंदणीत, ठेवून अंब्रेलात जाता येतं. तेव्हा अकाउंटंटचं मासिक पॅकेज थांबवा, पेरोल आणि व्हॅटची नोंदणी रद्द करायची का ते ठरवा. व्यवहार नसले तरी कन्फर्मेशन स्टेटमेंट आणि डॉर्मंट हिशेब दरवर्षी भरावेच लागतात. कंपनीत साठलेले पैसे अंब्रेलाच्या पगारासोबत काढले तर ते ३५.७५ टक्क्यांच्या टप्प्यात जातात, म्हणून काम नसलेल्या वर्षासाठी ते तसेच राहू द्या.

कायमचं थांबायचं असेल तर कंपनीत २५,००० पौंडांपर्यंत असताना साध्या स्ट्राइक-ऑफने, म्हणजे नोंदणीतून नाव काढून, ती बंद करता येते आणि ती रक्कम भांडवली नफा धरली जाते. त्याहून जास्त असेल तर ती भांडवली नफा धरली जाण्यासाठी लिक्विडेटर नेमावा लागतो. बंद केल्यावर दोन वर्षांच्या आत तशाच कामासाठी नवी कंपनी काढलीत तर एचएमआरसी ते पैसे डिव्हिडंड समजून कर लावू शकते, तेव्हा पुन्हा आउटसाइड काम घ्यायची जराही शक्यता वाटत असेल तर डॉर्मंटच ठेवा.